हबसाण : समुद्र, सह्याद्री आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची इतिहासाकडे पाहण्याची एक रीत होती. सनावळी पाठ करून घेतल्यावर ते विचारीत, ‘‘यात आपण कुठे आहोत?’’ हा प्रश्न नजरेसमोर ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या आणि वाढलेल्या मराठी माणसाला तो अधिक जवळचा आहे. कारण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे मूळ एका भूमीत आणि संसार दुसऱ्या भूमीत आहे. अशा माणसाने आपल्या मुळाकडे पाहिले नाही तर ते नुसते कुलवृत्तांतात उरते.

अलीकडे आपल्या घरांतील मुले दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीत कोकणात जाऊ लागली आहेत. अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही नावे आता सहलीच्या पत्रकांतून सर्वांना ठाऊक झाली आहेत. मुले परत येतात तेव्हा समुद्राची छायाचित्रे आणतात, आणि एका किल्ल्याविषयी दोन वाक्ये आणतात : ‘‘जंजिरा कोणालाही जिंकता आला नाही’’ आणि ‘‘तो हबशांचा होता.’’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, परंतु त्यांच्या मागे जो इतिहास आहे त्यातूनच आपण येथवर आलो, हे मुलांना कोणी सांगत नाही. ते सांगण्याचा आजचा प्रयत्न आहे.

एक दूरची तुलना

युरोपात स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. एका बाजूला भूमध्य समुद्राचा उबदार किनारा, पाठीशी सिएरा नेवादाची हिमाच्छादित पर्वतरांग, आणि मधल्या नगरांत मूर राज्यकर्त्यांच्या वास्तू, अशी त्या प्रदेशाची रचना आहे. कॉर्दोबाची मशीद आणि ग्रानादाचा अल्हांब्रा राजवाडा पाहण्यासाठी जगभरातून माणसे तेथे जातात. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांनी तेथे सत्ता स्थापिली आणि १४९२ साली ग्रानादा पडले तेव्हा ती संपली. तरीही सुमारे ३,४८० मीटर उंचीचे तेथील सर्वोच्च शिखर आजही मुलासेन या नावाने, म्हणजे मुले हसन या मूर राजाच्या नावाने ओळखले जाते. स्पॅनिश भाषेतील साखर, तेल, कापूस यांचे शब्द अरबीतून आलेले आहेत. सत्ता गेली, नावे आणि शब्द मात्र राहिले.

समुद्र, पर्वत आणि आफ्रिकेशी नाते असलेल्या मुसलमान सत्तेचा वारसा, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असलेला प्रदेश महाराष्ट्रातही आहे. त्याला जुन्या मराठीत ‘हबसाण’ म्हणत. आजच्या रायगड जिल्ह्यातील मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन या तालुक्यांचा परिसर म्हणजे स्थूलमानाने हबसाण. जंजिऱ्याच्या सिद्दींचे संस्थान येथे १९४८ पर्यंत नांदत होते. हा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९८१ साली त्याला रायगड हे नाव मिळाले. समुद्रातला अजिंक्य जंजिरा आणि डोंगरावरची शिवछत्रपतींची राजधानी ही दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत, हे विसरू नये. त्यांचा संघर्ष हा शेजाऱ्यांचा संघर्ष होता.

भूमी

कोकणची पट्टी अरुंद आहे. सह्याद्रीच्या फांद्या ठिकठिकाणी थेट समुद्रापर्यंत उतरतात आणि त्यांच्या मधून खाड्या आत शिरतात. उत्तरेस कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, मध्ये राजपुरीची खाडी, दक्षिणेस सावित्रीची बाणकोटची खाडी. या दोन टोकांच्या मधला डोंगराळ मुलूख म्हणजे हबसाण. भात पिकते ते खाडीलगतच्या खलाटीत; नारळ-सुपारीच्या वाड्या किनाऱ्याच्या वाळूला लागून; आणि वर डोंगरात साग, ऐन, किंजळ यांचे जंगल. श्रीवर्धनची रोठा सुपारी आजही नावाजलेली आहे. २०२० सालच्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने याच वाड्या आडव्या केल्या. माडाचे आणि पोफळीचे एक झाड उभे राहून फळाला येण्यास किती वर्षे लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या हानीचे माप कळेल.

ही भूमी सिद्दींच्या फार पूर्वीपासून इतिहासात आहे. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला मांदाडजवळ कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. उत्तरेकडे अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा असे वाचन झाले आहे, आणि त्या वाचनाप्रमाणे तो उपलब्ध मराठी शिलालेखांत सर्वांत जुना ठरतो. चौल हे तर प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथेच उतरून बहमनी राज्यात गेला. याच किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक शतकानुशतके तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत राहिले. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची मातृभाषा मराठीच. रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीज भाषेपासून झालेली एक बोली आजही घरांत बोलली जाते. समुद्र परक्यांना आणतो आणि डोंगर त्यांना पुढे जाऊ देत नाही; मग ते तेथेच राहतात आणि काही पिढ्यांनी तेथलेच होतात. या किनाऱ्याच्या इतिहासाचे सूत्र मला तरी एवढेच दिसते.

शब्दांची साक्ष

मी भाषेचा विद्यार्थी आहे, म्हणून थोडे शब्दांविषयी बोलतो. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले तेव्हा ग्रानादा पडून अवघी काही वर्षे झाली होती. १४९२ मध्ये ग्रानादा पडले आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. त्यामुळे येथे जो मुसलमान भेटला त्याला त्यांनी आपल्या घरचेच नाव दिले : मूर. अरब व्यापारी, गुजरातचा सुलतान, निजामशाहीचा सरदार, कोकणी मुसलमान हे सारे त्यांच्या लेखी मूर होते. पुढे इंग्रजांनीही तो शब्द उचलला. एका शब्दाने इतक्या निरनिराळ्या लोकांना झाकून टाकले.

आपल्या पूर्वजांनी मात्र अधिक बारकाईने पाहिले होते. मराठी कागदांत ‘हबशी’ हा शब्द येतो तो हबश, म्हणजे आजचा इथिओपिया, या देशावरून. ‘सिद्दी’ हा शब्द ‘माझे स्वामी’ या अर्थाच्या अरबी संबोधनातून आला आहे. एके काळी बाजारात विकल्या गेलेल्या माणसांच्या वंशजांना स्वामिवाचक नाव मिळावे, यात इतिहासाचा केवढा उलटफेर आहे! पेशवे दप्तरात सिद्दीला ‘शामल’ असेही म्हटलेले आढळते. आणि ‘जंजिरा’ हा शब्द तर आपण पूर्णपणे आपलासा केला. अरबीत जझीरा म्हणजे बेट. मराठीत तो पाण्यातल्या कोणत्याही किल्ल्याचे सामान्यनाम झाला. ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे मराठ्यांचे स्वतःचे किल्ले जुन्या पत्रांत नोंदलेले आहेत. सिद्दीच्या किल्ल्याला वेगळा ओळखण्यासाठी ‘जंजिरे मेहरूब’ असे म्हणावे लागे. शत्रूच्या घराचे नाव ज्या भाषेत आपल्या घराला लागते, त्या भाषेने शत्रूशी नुसते युद्ध केलेले नसते. त्याच्या शेजारी संसारही केलेला असतो. बंदर, सारंग, नाखवा, खलाशी हे फारसी-अरबी वळणाचे शब्द आणि पोर्तुगीजातून आलेला ‘आरमार’ हा शब्द याच संसाराची भांडी आहेत.

सिद्दी आले कोठून, टिकले कसे

हबशी माणसे दक्षिणेत आली ती बहुतांशी गुलाम म्हणून. तांबड्या समुद्राच्या काठच्या बाजारांतून त्यांना आणले जाई आणि दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत त्यांचा भरणा होई. त्यांतील कर्तबगार पुरुष मोठ्या पदांवर चढत. निजामशाहीचा मलिक अंबर हा त्यांत सर्वश्रेष्ठ. अनेकदा विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविले. जमीनमहसुलाची पद्धत बसविली. आणि १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला.

जंजिऱ्याची कथा याच निजामशाहीत सुरू होते. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी खडकावर कोळ्यांनी लाकडी मेढेकोट उभारला होता आणि त्यांचा प्रमुख राम पाटील होता. पिरमखान नावाच्या सरदाराने व्यापाऱ्याच्या वेषात येऊन दारूची पिंपे कोळ्यांना भेट दिली आणि ते झिंगल्यावर कोट घेतला, अशी आख्यायिका आहे. आजचा दगडी किल्ला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. निजामशाही बुडाली तेव्हा सिद्दी आदिलशाहीचे झाले. १६७० च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या दाबापुढे किल्लेदार फत्तेखान किल्ला देण्यास तयार झाला, तेव्हा संबूळ, कासिम आणि खैर्यत या सिद्दी सरदारांनी त्यालाच कैद केले आणि मोगलांकडे मदत मागितली. तेव्हापासून सिद्दी मोगलांचे आरमारी सेवक बनले.

सिद्दी टिकले याची कारणे सहसा तटबंदीत आणि कलालबांगडी तोफेत शोधली जातात. ती कारणे खोटी नाहीत, पण पुरेशीही नाहीत. माझ्या मते कारणे तीन आहेत. पहिले असे की त्यांचा प्रमुख बराच काळ नुसत्या जन्मावर ठरत नसे. सरदार मंडळी आपल्यातल्या समर्थ पुरुषाला पुढे आणीत. दुसरे असे की त्यांना नेहमी दूरचा पाठीराखा असे, प्रथम निजामशाही, मग आदिलशाही, मग मोगल आणि शेवटी इंग्रज. पाठीराखा दूर असल्याने तो घरात ढवळाढवळ करू शकत नसे. तिसरे कारण म्हणजे त्यांनी समुद्राबरोबर डोंगरही धरून ठेवला. गलबताला साग लागतो आणि साग डोंगरात असतो. खलाशाला भात लागतो आणि भात खाडीच्या आत पिकतो. ज्याच्या हाती नुसता खडक आहे तो एका पावसाळ्यात उपाशी मरतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात सागाच्या लाकडाचा आणि रयतेच्या आंबा-फणसांचा विचार एवढ्या तपशिलाने का आला आहे, ते या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे उमगते.

महाराजांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी तळे-घोसाळ्याचे डोंगरी किल्ले घेतले, जंजिऱ्याच्या वायव्येला कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला, १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी वसविली. सिद्दी कासिमनेही १६७१ च्या शिमग्यात दंडाराजपुरी परत घेतली आणि खांदेरीसमोर उंदेरी बळकावून उत्तर दिले. लाय पाटील नावाच्या कोळ्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस केले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तेव्हा दर्यावर्दी माणसाला पालखी काय कामाची, असे तो म्हणाला आणि महाराजांनी त्याला ‘पालखी’ नावाचे गलबत दिले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकण्याचा यत्न केला. सभासदाने सिद्दीची तुलना घरात शिरलेल्या उंदराशी केली आहे. उपमा रागाची आहे. पण तीही ‘घरात’ असेच म्हणते.

या राज्याची काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. सिद्दींच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे धरून नेली आणि विकली. जे स्वतः गुलामीतून वर आले त्यांच्या वंशजांनी दुसऱ्यांना गुलाम करावे, हे मनुष्यस्वभावाचे दुःखद दर्शन आहे. त्या काळी किनाऱ्यावरच्या कोणत्याही सत्तेचे हात अगदी स्वच्छ नव्हते, तथापि त्यामुळे श्रीवर्धनच्या किंवा चौलच्या रयतेचे दुःख कमी होत नाही.

श्रीवर्धन ते ग्वाल्हेर

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. यात आपण कुठे आहोत?

श्रीवर्धन हे हबसाणातले गाव. तेथील भट घराण्याकडे दंडाराजपुरी आणि श्रीवर्धन महालांची देशमुखी होती. म्हणजे हे घराणे सिद्दीच्या राज्यातले वतनदार होते. त्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांच्यावर, मराठ्यांशी संधान बांधल्याच्या संशयावरून, सिद्दीचा रोष झाला. त्यांचे बंधू जानोजी यांना पोत्यात घालून समुद्रात बुडविले, असे बखरकार सांगतात. बाळाजीपंत गाव सोडून सावित्रीपलीकडे वेळासला गेले, तेथील भानू मंडळींना बरोबर घेतले आणि घाट चढून साताऱ्याकडे आले. १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. भानूंच्या घराण्यात पुढे नाना फडणीस झाले.

बाळाजीपंतांचे पुत्र बाजीराव यांनी मराठी फौजा माळव्यात नेल्या. त्या फौजांत साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे राणोजी शिंदे होते. राणोजींचे पुत्र महादजी. महादजींचे वारस दौलतराव. आणि दौलतरावांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला, तो तळ म्हणजे आपले लष्कर. शिंद्यांच्या आणि पेशव्यांच्या चाकरीत देशावरची आणि कोकणातली शेकडो कुटुंबे उत्तरेत आली. या सभागृहातील अनेकांचे पूर्वज त्यांत होते.

इतिहासात ‘असे झाले नसते तर’ या प्रश्नाला फार किंमत देऊ नये. तरीही एवढे म्हणता येईल की हबसाणातून एक देशमुख कुटुंब बाहेर पडले नसते, तर पेशवाईचा इतिहास वेगळा झाला असता. आणि पेशवाई वेगळी झाली असती तर आज आपण येथे मराठीत बोलत असतो की नाही, हे सांगणे कठीण आहे. ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीचा एक धागा जंजिऱ्याच्या तटाला बांधलेला आहे.

हा धागा १७३३ मध्ये पुन्हा ताणला गेला. त्यामागे परशुराम क्षेत्रीचे ब्रह्मेंद्रस्वामी होते. आरंभी जंजिऱ्याचा सिद्दी आणि कान्होजी आंग्रे हे दोघेही स्वामींना मानीत. परंतु एका हत्तीच्या अपहाराच्या प्रकरणात सिद्दी सात याचा स्वामींवर संशय गेला आणि १७२७ मध्ये त्याने चिपळूणजवळचे परशुराम देवस्थान उद्ध्वस्त केले. स्वामी साताऱ्याजवळ धावडशीला आले आणि छत्रपतींना व पेशव्यांना सिद्दीविरुद्ध सतत लिहीत राहिले. १७३३ मध्ये सिद्दीच्या घरात वारसाचा तंटा लागला तेव्हा बाजीराव कोकणात उतरले. रायगड पुन्हा मराठ्यांकडे आला. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात याला ठार केले. जंजिरा मात्र राहिला. १७९१ मध्ये गादीच्या तंट्यातील एका सिद्दीने सुरतेजवळच्या सचिनच्या मोबदल्यात जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना कागदावर लिहून दिला; पण कागदाने समुद्र ओलांडता आला नाही.

आणि शेवट पाहा. १८५८ च्या जूनच्या आरंभी रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले आणि फुलबागेत दरबार भरवून नानासाहेबांना पेशवे म्हणून जाहीर केले. त्याच महिन्यात राणी येथे धारातीर्थी पडल्या. जे पद सिद्दीच्या राज्यातून परागंदा झालेल्या माणसाच्या घराण्याने मोठे केले, त्याची शेवटची द्वाही याच नगरात फिरली.

वास्तू आणि माणसे

पर्यटकाला जंजिरा दिसतो, पण राजपुरीजवळचे खोकरी गाव सहसा त्याच्या वाटेत येत नाही. तेथे सिद्दी प्रमुखांच्या तीन दगडी कबरी आहेत. सर्वांत मोठी सुरूलखानाची. जवळच याकूतखान ही पदवी मिळालेला कासिम आणि त्याचा भाऊ खैर्यतखान यांच्या कबरी. सुरूलखानाने आपली कबर हयातीतच बांधून घेतली असे सांगतात. घुमट, कमानी आणि दगडातील जाळी पाहिली म्हणजे आपल्याला महंमद घौस यांच्या मकबऱ्याची आठवण येते. त्या मानाने काम साधे आणि लहान आहे, पण बांधणाऱ्यांचे मन एकाच परंपरेतले. या कबरींच्या देखभालीसाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. ज्या कासिमाने १६८९ मध्ये मुंबईवर चालून जाऊन इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडले, तो येथे झाडांच्या सावलीत निजलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात हे आरमारी राज्य शांत संस्थान झाले. नवाब सिद्दी अहमदखान यांनी १८७९ ते १९२२ पर्यंत राज्य केले. मुरूडच्या टेकडीवरचा राजवाडा आणि गावाला पाणी पुरविणारा गारंबीचा बंधारा त्यांच्या काळातले. संस्थानचे शिकारीचे रान आज फणसाड अभयारण्य आहे; १९८६ साली त्याला तो दर्जा मिळाला. त्यांच्या बेगम नाझली यांनी १९०८ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि त्याचे उर्दूत वर्णन लिहिले. नाझलींच्या भगिनी अतिया फैजी यांना कवी इक्बाल यांनी लिहिलेली पत्रे १९४७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. खडकावर गलबते बांधणाऱ्या दर्यावर्दींच्या दरबारात तीन शतकांनी ग्रंथ आणि पत्रे यांची चर्चा होऊ लागली होती. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात मध्यभारताची स्थापना झाली आणि ग्वाल्हेर संस्थानही संपले. दोन्ही गाद्यांचा निरोप एकाच वर्षाचा आहे.

आरसा

येथे मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते सांगतो. ते काहींना रुचणार नाही, पण स्मृतिव्याख्यानात रुचेल तेवढेच बोलावे असा नियम नाही.

सिद्दी कोण होते? बाहेरून आलेले, शस्त्राच्या बळावर एका मुलखात स्थिर झालेले, तेथील मूळ लोकांवर राज्य केलेले, काही पिढ्यांनी तेथलेच झालेले आणि १९४८ साली राज्य संपल्यावर सामान्य नागरिक म्हणून उरलेले लोक. आता या वाक्यातला ‘सिद्दी’ हा शब्द काढा आणि त्या जागी ‘ग्वाल्हेरचे मराठे’ हे शब्द घाला. वाक्यात फार फरक करावा लागणार नाही.

चंबळेच्या काठच्या शेतकऱ्याच्या, राजपूत गढीवाल्याच्या किंवा बुंदेलखंडातल्या एखाद्या भाटाच्या आठवणीत मराठ्यांची फौज कशी असेल याचा आपण कधी विचार केला आहे काय? चौथाईची वसुली, मुलूखगिरी, जळालेली पिके यांचीही स्मृती त्यांच्याकडे असणारच. आपण मात्र म्हणतो की आम्ही येथे शाळा काढल्या, गणेशोत्सव आणला, संगीत सांभाळले. तेही खरेच आहे. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशांनी आत्मसात केली आणि त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ती महाराष्ट्रात नेली. बीडच्या मन्सूरशहांना शिंदे घराण्याने गुरुस्थानी मानले. येथले आपण घेतले आणि आपले येथे दिले. जगाने आपल्याला फौजेच्या मापाने न मोजता दोनशे वर्षांच्या सहवासाच्या मापाने मोजावे, अशी आपली अपेक्षा असते. ती अपेक्षा न्याय्य आहे. परंतु तेच माप आपण हबसाणाला लावले पाहिजे.

स्पेनचे उदाहरण येथे पुन्हा कामास येते. तेथे सत्ता संपल्यावर सुमारे शंभर वर्षांनी, १६०९ ते १६१४ च्या दरम्यान, मुरांच्या धर्मांतरित वंशजांनाही देशाबाहेर घालविण्यात आले. पुढे त्यांच्या वास्तू जगाला सुंदर वाटू लागल्या, पण त्या बांधणाऱ्यांचे कोणी तेथे उरले नव्हते. आज अल्हांब्राची कारंजी पाहणारा प्रवासी एका रिकाम्या घरात हिंडत असतो. हबसाणाचे भाग्य वेगळे आहे. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन येथे मुसलमान वस्ती आहे, कोळीवाडे आहेत, ब्राह्मणांच्या आणि आगऱ्यांच्या वाड्या आहेत. घर भरलेले आहे. त्या वारशाला परक्याचा वारसा म्हणून आपणच मनाने रिकामे करावे, हे शहाणपणाचे नव्हे.

त्याचबरोबर दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. समुद्रकिनारा, मासे आणि किल्ल्याची शान एवढेच पाहून, तेथे कोणी पोत्यात घालून बुडविले गेले आणि कोणी गुलाम म्हणून विकले गेले हे विसरणे, हाही इतिहासाचा अपमानच. दुःख आणि सहवास या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिलेल्या असतात. पाने फाडून वही नीटनेटकी करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शेवटी

शाळेला माझी एक सूचना आहे. पुढील सुटीत विद्यार्थ्यांची सहल कोकणात न्यावी आणि तिचा क्रम असा ठेवावा : प्रथम रायगड, मग खोकरीच्या कबरी, मग राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, आणि शेवटी श्रीवर्धनला पेशव्यांच्या मूळ गावी. प्रत्येक ठिकाणी वाटाड्याची कथा ऐकावी, पण ती वहीत उतरविताना पुढे ‘हे कशावरून?’ असा प्रश्न लिहावा. राजपुरीच्या होडीवाल्यांशी बोलावे. किल्ल्याच्या दारावर पंजात हत्ती धरलेला जो पशू कोरलेला आहे त्याचे चित्र काढावे. परत आल्यावर तीच वही घेऊन महंमद घौसांच्या मकबऱ्यात आणि लष्करातल्या आपल्या जुन्या वाड्यांत जावे, आणि तेथेही तोच प्रश्न विचारावा.

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की ज्यांच्या घरी मोडी कागदपत्रे, सनदा, जुने कुलवृत्तांत पडून आहेत, त्यांनी ते वाळवीच्या हवाली करू नयेत. आपल्या घराण्याचे गाव कोणते, ते कोणत्या खाडीच्या किंवा कोणत्या घाटाच्या जवळ, तेथून पूर्वज का निघाले, हे एका पानावर लिहून शाळेकडे द्यावे. त्यांतली काही पाने हबसाणाकडे बोट दाखवतील, अशी माझी खात्री आहे. अशी शंभर पाने जमली तर ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचा खरा इतिहास लिहिण्यास प्रारंभ होईल. तो लिहिताना आपल्या पूर्वजांचा पराक्रम लिहावा, आणि ज्यांच्या मुलखात ते आले त्यांची बाजूही लिहावी. गुरुजींनी ते पान तपासताना दोन्ही गोष्टी आहेत ना, हे पाहिले असते.